'बे' या एका इंग्रजी शब्दात कुत्रा, उपसागर, खिडकी, झाड आणि घोडा कसे काय?

पानगळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने एका जुन्या इंग्रजी शिकारकथेचा मराठी अनुवाद करतेय आणि एका साध्या दिसणाऱ्या शब्दाने मला पार अडवून ठेवलंय. प्रसंग असा की दिवसभर पळून दमलेलं मोठ्या शिंगांचं हरीण शेवटी ओढ्यात उतरतं आणि तिथे 'ॲट बे' उभं राहतं. बे म्हणजे उपसागर हे शाळेपासून डोक्यात पक्कं, शिवाय वाक्यात पाणी होतंच, त्यामुळे मी लिहिलं की हरीण ओढ्याच्या वळणात आत शिरून उभं राहिलं. आठवडाभर ते वाक्य मला बरोबरच वाटत होतं. पुढच्या पानावर मात्र कुत्रेसुद्धा 'बे' करायला लागले आणि तिथे कुठलंच वळण बसेना.

मग डिक्शनरी उघडली. बे म्हणजे शिकारी कुत्र्यांचा खोल, लांबवलेला आवाज. बे म्हणजे उपसागर. बे म्हणजे इमारतीतला खण. बे नावाचं झाड. बे नावाचा घोड्याचा रंग. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे 'ॲट बे' म्हणजे कोंडीत सापडलेला, पण 'कीप ॲट बे' म्हणजे दूर ठेवणं! कोंडीत सापडणं आणि दूर ठेवणं हे एकाच शब्दाचे अर्थ कसे काय असतील, हे मला काही केल्या उलगडत नाहीये.

हा एकच शब्द आहे का वेगवेगळे? आणि माझ्या हरणाचं मराठीत काय करू? जाणकारांनी जरूर लिहा.

भिरभिरं

मस्त विषय, वाचतेय. 'बे विंडो' म्हणजे समुद्राकडे उघडणारी खिडकी असं मी आजवर धरून चालले होते, आता शंका यायला लागलीय.

जुनीवही

पानगळताई, एक शब्द नाहीच हा. वेगवेगळे पाच शब्द आहेत, पाचही फ्रेंचमधून इंग्रजीत आलेत आणि झिजत झिजत सगळ्यांचा उच्चार एकच होऊन बसलाय. पाच ओढे पाच डोंगरांतून निघावेत आणि खाली एकाच नावाने वाहावेत तसं.

आपल्याकडे 'वार' बघा. सोमवारचा वार, तलवारीचा वार, कापडाचा वार, आणि बाळंतपणानंतर पडते ती वार. कुणी परभाषक विचारेल की दिवसाचा आणि तलवारीचा काय संबंध, तर आपण सांगू की अहो संबंध लावूच नका. इंग्रजी बेचं बरंचसं तसंच आहे. बरंचसं म्हणतोय कारण दोन शब्दांच्या मुळ्या जमिनीखाली एकमेकांत गुंतल्यात आणि तुम्हाला अडवणारा 'ॲट बे' नेमका त्याच गुंत्यातून आलाय. तो शेवटी घेतो.

आधी कुत्रा, कारण मूळ प्रश्न त्याचाच. साध्या भुंकण्याला इंग्रजीत 'बार्क' आहे, तो त्यांचा घरचा जुना शब्द, अगदी जुन्या इंग्रजीतला 'बेओर्कन'. बे मात्र बाहेरून आला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राजा आणि सरदार फ्रेंच बोलणारे झाले, आणि शिकार हा तर राजे-सरदारांचाच शौक, तेव्हा शिकारीची जवळजवळ सगळी बोली फ्रेंच झाली. जुन्या फ्रेंचमध्ये भुंकण्याला 'आबाय' असं नाम होतं आणि त्याचं क्रियापद होतं. त्यातून इंग्रजीतला बे. म्हणजे दारातलं कुत्रं बार्क करत राहिलं आणि सरदाराच्या शिकारी ताफ्यातलं कुत्रं बे करायला लागलं. एकाच प्राण्याच्या आवाजात मालकांच्या भाषेप्रमाणे फरक पडला, हे मला फार बोलकं वाटतं.

आणि बार्कही काही एकटा नाही बरं का. झाडाची साल म्हणजे बार्क, तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला. शिडाचं जहाज म्हणजे बार्क, तो लॅटिन 'बार्का'वरून. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

लांबकान

जुनीवही यांनी मुळं सांगितली, मी आवाजाबद्दल सांगतो, कारण गेली नऊ वर्षं घरात एक बीगल आहे आणि हा आवाज मी रोज ऐकतो. बार्क आणि बे हे फक्त दोन भाषांचे दोन शब्द नाहीत, आवाजच वेगळे आहेत. बार्क म्हणजे तुटक, भूः भूः, एकेक ठोका. बेमध्ये कुत्रा मान वर करतो, तोंड गोल करतो आणि एकच सूर छातीतून काढून लांबवत नेतो, औऊऊऊ असा काहीसा, आणि तो खूप लांबपर्यंत पोचतो. लांडग्याच्या रडण्याच्या जवळचा, पण त्यात भुंकण्याची धारही असते.

हा आवाज सगळे कुत्रे काढत नाहीत. वास घेत माग काढणाऱ्या जाती, म्हणजे बीगल, ब्लडहाउंड, बॅसेट, फॉक्सहाउंड, यांचा तो खास. कारण उघड आहे, हे कुत्रे नाक जमिनीला लावून झाडीत शिरतात, मालकाला दिसत नाहीत, मग माग लागलाय आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळणार कसं, तर आवाजावरून. पिढ्यान् पिढ्या अशाच खणखणीत आवाजाची कुत्री निवडून वाढवली गेली. उलट ग्रेहाउंड डोळ्याने शिकार हेरतो आणि वाऱ्यासारखा सुटतो, शिकार समोर दिसतच असते, त्याला ओरडायची गरजच नाही, म्हणून तो बहुतेक वेळ गप्प.

आमचा बीगल दारावर कुणी आलं की बार्क करतो, पण बागेत मुंगसाचा वास लागला की तो वेगळाच सूर लागतो, आणि शेपटी ताठ. तेव्हा तो घाबरलेला नसतो आणि चिडलेलाही नसतो. तो सांगत असतो की इकडे या, सापडलंय. अनुवाद करताना एवढं लक्षात घ्या ही विनंती, 'बे'मध्ये राग कमी आणि हाक जास्त असते.

पानगळ

लांबकान, हे किती कामाचं सांगितलंत! मी सगळीकडे 'भुंकत होते' लिहिलंय. म्हणजे ते चुकलंच. मग मराठीत काय? भुंकणे, गुरगुरणे, केकाटणे, विव्हळणे, हेल काढून रडणे... यातलं एकही बसत नाहीये.

ताकतुंबा

आपल्याकडे प्राण्यांच्या आवाजांना केवढे शब्द आहेत, गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, वाघाची डरकाळी, हत्तीचा चीत्कार, मोराची केका, कोल्हेकुई, कोंबडा आरवतो, घुबडाचा घुत्कार, सापाचा फुत्कार. पण मागावरच्या कुत्र्याच्या आवाजाला वेगळा शब्द मला तरी आठवत नाही. 'सूर धरणे' वापरता येईल का? कुत्र्यांनी माग लागल्यावर सूर धरला. किंवा 'कुत्र्यांनी गळा काढला', पण गळा काढण्यात रडणं येतं, ते नको.

लांबकान

सूर धरला! अगदी हेच. इंग्रजीत शिकारी लोक 'कुत्र्यांनी जीभ दिली' अशा अर्थाचंही बोलतात, आणि ताफ्याच्या एकत्र आवाजाला तर ते संगीतच म्हणतात. सूर धरणे चपखल बसतंय.

मोजपट्टी

मला एक वेगळाच प्रश्न पडलाय. बे, बार्क, बाऊवाऊ, आपलं भुंकणं, भू भू, सगळीकडे ओठ मिटून निघणारा ब किंवा भ कसा? म्हणजे सगळे शब्द मुळात कुत्र्याचीच नक्कल नाहीत का? भाषाच अशी जन्माला आली असेल, प्राण्यांची नक्कल करता करता.

जुनीवही

पहिला भाग पटतो. लॅटिनमध्ये 'बाउबारी', ग्रीकमध्ये 'बाउझाइन', संस्कृतात 'बुक्क्' आणि 'भष्' असे धातू, सगळे भुंकण्याचेच, आणि सगळ्यांची सुरुवात ओठांवर. फ्रेंच 'आबाय'च्या पोटातही हीच नक्कल आहे असं मानतात. कुत्रा तोंड मिटून उघडतो तेव्हा जो आवाज फुटतो तो माणसाच्या तोंडी ब-भ होऊनच येणार.

भाषेच्या जन्माबद्दल मात्र जपून. माक्स म्युलर यांनी १८६१ साली लंडनला दिलेल्या व्याख्यानांत या कल्पनेला 'बाऊवाऊ थिअरी' असं नाव दिलं, ते काही कौतुकाने नव्हे, तर टीका म्हणून. नकलेतून थोडेच शब्द येतात आणि ते भाषेच्या कडेकडेला राहतात, व्याकरण त्यातून उभं राहत नाही, असा आक्षेप तेव्हापासून आहे आणि तो मला वजनदार वाटतो. कुत्र्याचं भुंकणं नकलेतून आलं म्हणून 'आणि', 'परंतु', 'उद्या' हेही नकलेतून आले असं होत नाही ना.

भिरभिरं

ते ठीक, पण माझी खिडकी राहिली!

जुनीवही

येतोय येतोय. खिडकीचा बे आणि समुद्राचा बे वेगळे आहेत.

समुद्राचा बे म्हणजे फ्रेंच 'बे', त्याआधी उत्तरकालीन लॅटिन 'बाइया'. सेव्हिलचा इसिडोर नावाचा बिशप, मृत्यू ६३६, त्याच्या कोशवजा ग्रंथात हा शब्द बंदर या अर्थाने आलाय. बिस्केचा उपसागर, हडसनचा उपसागर हे सगळे त्याच नावाचे.

खिडकीचा बे मात्र 'उघडणं' या अर्थाचा. जुन्या फ्रेंचमध्ये 'बाएर' म्हणजे तोंड उघडं ठेवणं, त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिन 'बातारे'. त्यावरून भिंतीत सोडलेली मोकळी जागा म्हणजे बे. खोलीच्या भिंतीला बाहेर फुगवून जो कोनाडा निघतो त्याची खिडकी ती बे विंडो, समोर समुद्र असो नाहीतर रस्ता. मोठ्या चर्चमध्ये दोन खांबांमधला खण म्हणजे बे, गोदामात माल उतरवायची जागा म्हणजे बे, विमानाच्या पोटातला सामानाचा कप्पा बे, जहाजावर आजाऱ्यांना ठेवायची जागा सिक बे, गाडी लावायचा आखलेला चौकोन पार्किंग बे. सगळीकडे एकच कल्पना आहे, दोन कडांमधली मोकळी जागा.

पुढे फ्रेंचमध्ये हे दोन शब्द एकमेकांवर प्रभाव पाडत राहिले, उपसागरसुद्धा जमिनीने वासलेलं तोंडच दिसतं, त्यामुळे तुमची समजूत अगदीच निराधार नाही.

शालजोडी

मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवते, म्हणून 'बाएर'बद्दल राहवत नाही. आजच्या फ्रेंचमध्ये आश्चर्याने तोंड उघडं पडलेल्या माणसाला 'बुश बे' म्हणतात, बुश म्हणजे तोंड. आणि आपल्याकडे काय म्हणतात? आ वासून! आ म्हणताना तोंड आपोआप उघडतं आणि तो उच्चार हाच त्या क्रियेचं नाव. 'बातारे'मध्येही तेच असावं असं मानतात, ओठ मिटलेले असताना ब, उघडले की आ.

याच मुळाचे आणखी दोन इंग्रजी शब्द बघा. 'अबॅश' म्हणजे ओशाळवाणं करणं, मूळ अर्थ तोंड वासायला लावणं. आणि 'अबेयन्स', एखादी गोष्ट अधांतरी ठेवणं. त्याचा मूळ अर्थ एखाद्या गोष्टीकडे आ वासून, आशेने बघत राहणं. एखाद्या किताबाला वारस ठरत नाही तेव्हा तो अबेयन्समध्ये आहे म्हणतात, म्हणजे कुणीतरी यायची वाट बघत तोंड उघडं ठेवून बसलाय. मी जेव्हा पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा तो रुक्ष कायदेशीर शब्द मला एकदम जिवंत दिसायला लागला.

उंबरठा

बे लीफ म्हणजे तमालपत्र ना? त्याचा यात कुठे नंबर?

ताकतुंबा

उंबरठा, दोन्ही वेगळी झाडं आहेत. बे म्हणजे लॉरेल, शास्त्रीय नाव लॉरस नोबिलिस, भूमध्य समुद्राकडचं. तमाल म्हणजे सिनॅमोमम तमाला. कूळ एकच, लॉरेसी, पण पान हातात घेतलं की कळतं, तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात, लॉरेलच्या पानाला मधोमध एकच. अनुवादात लोक सर्रास बे लीफचं तमालपत्र करतात.

जुनीवही

आणि शब्द तिसराच. लॅटिन 'बाका' म्हणजे छोटं फळ, त्याचं फ्रेंचमध्ये 'बे'. इंग्रजीतही आधी बे म्हणजे फळच, मग त्या फळाचं झाड ते बे ट्री, आणि मग फळ बाजूला पडून झाडच बे झालं. कवींना आणि विजेत्यांना घालायचा मुकुट याच पानांचा. पदवीला 'बॅकलॉरिएट' म्हणतात त्यातही हे फळ घुसलंय, मूळ शब्द वेगळा होता, पण मध्ययुगातल्या पंडितांनी त्यात लॉरेलचं फळ ऐकलं आणि स्पेलिंग तसं वळवून घेतलं.

खोगीर

घोड्यावर अजून कुणी आलं नाही म्हणून लिहितो, तरुणपणी सहा वर्षं पागेत काढली आहेत. बे म्हणजे आपला कुमाईत. अंग तांबूस तपकिरी, पण आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा. हा काळा रंग हवाच, तो नसेल तर घोडा कुमाईत नाही. आयाळ-शेपूटसुद्धा अंगासारखीच तांबडी असेल तर त्याला इंग्रजीत चेस्टनट म्हणतात. नवखी माणसं दोघांना एकच समजतात, आम्ही आधी गुडघ्याखाली बघायचो. मूळ काय ते मला माहीत नाही, जुनीवही सांगतील.

जुनीवही

खोगीरकाका, लॅटिन 'बादियुस', म्हणजे तांबूस तपकिरी, त्याचं फ्रेंच 'बे'. आणि एक गंमत, बिलियर्डच्या टेबलावर जे जाड कापड ताणलेलं असतं त्याला 'बेझ' म्हणतात, तो याच शब्दाच्या अनेकवचनातून आलाय, कारण ते कापड मुळात तपकिरी असायचं. आज बेझ म्हटलं की हिरवाच रंग डोळ्यांसमोर येतो.

खोगीर

वा. म्हणजे हिरव्या टेबलावर कुमाईत घोडा अंथरलेला आहे. हे आयुष्यभर लक्षात राहील.

पानगळ

मी सगळं वहीत उतरवून घेतेय. पण माझं हरीण अजून ओढ्यातच उभं आहे हो. कोंडीत सापडणं आणि दूर ठेवणं, हे कोडं कुणी सोडवणार का?

जुनीवही

आता तेच. यासाठी डोळ्यांसमोर प्रसंग उभा करायला लागतो, नुसता शब्द घेऊन चालत नाही.

हरीण पळतंय, मागे कुत्र्यांचा ताफा सूर धरून येतोय. एका क्षणी हरणाला कळतं की आता पळणं शक्य नाही. मग ते थांबतं, मागे वळतं, पाठीशी एखादा खडक किंवा झाड घेतं आणि शिंगं खाली करून उभं राहतं. कुत्रे पोचतात, पण त्या शिंगांपुढे जायची छाती एकालाही होत नाही, जो पुढे जाईल त्याचं पोट फाटणार. मग ते अर्ध्या वर्तुळात उभे राहून नुसता आवाज करत राहतात, शिकारी येईपर्यंत. हा जो थांबलेला क्षण आहे, हरीण पळू शकत नाही आणि कुत्रे धरू शकत नाहीत, मध्ये फक्त आवाज आहे, तो म्हणजे बे.

आता हरणाच्या बाजूने बघा, ते भुंकण्याच्या वेढ्यात सापडलंय. म्हणजे कोंडीत. आणि कुत्र्यांच्या बाजूने बघा, त्यांना हरणाने भुंकण्याच्याच अंतरावर रोखून धरलंय, चावण्याच्या अंतरावर येऊ दिलेलं नाही. म्हणजे दूर ठेवलेलं. चित्र एकच आहे, बघणारा कुठे उभा आहे तेवढंच बदलतं. आजच्या इंग्रजीत आजार ॲट बे ठेवतात, भूक ॲट बे ठेवतात, तेव्हा ते नकळत त्या हरणाच्या जागी उभे असतात आणि आजार म्हणजे भुंकणारे कुत्रे.

मोजपट्टी

अंगावर काटा आला. मराठीत बे म्हणजे दोन, बे एके बे. इथेही एका बेला दोन बाजू निघाल्या.

शालजोडी

जुनीवहींनी जे सांगितलं त्याला फ्रेंचचा दुजोरा देते. फ्रेंचमध्ये आजही 'ओझाब्वा' असा प्रयोग जिवंत आहे, शब्दशः 'भुंकण्यांपाशी'. कर्जात बुडालेला माणूस, पडायला आलेलं सरकार, यांच्याबद्दल सर्रास वापरतात, अगदी टेकीला आलेला या अर्थी. म्हणजे फ्रेंचांनी फक्त कोंडीचा अर्थ ठेवला आणि इंग्रजांनी दोन्ही ठेवले.

पण मला वाटतं इथेच तो गुंता आहे ज्याबद्दल सुरुवातीला म्हणालात. जुन्या फ्रेंचमध्ये 'बे'वर ठेवणं असाही एक प्रयोग होता, त्यातला बे हा आ वासण्याचा. म्हणजे एखाद्याला तोंड उघडं ठेवून ताटकळत ठेवणं. इटालियनमध्येही 'बादा'वर ठेवणं असं म्हणतात, ते याच घराण्यातलं, अर्थ थोपवून धरणं. त्यामुळे 'कीप ॲट बे'मध्ये भुंकणं किती आणि ताटकळणं किती हे वेगळं काढणं कठीण आहे.

जुनीवही

अगदी तेच. कोशकारसुद्धा इथे दोन धागे एकत्र वळले गेल्याचंच सांगतात. ते कुत्रे भुंकतही असतात आणि आ वासून ताटकळतही असतात, मग लोकांनी दोन शब्दांचा एक शब्द केला यात नवल काय.

अजून एक, मूळ शब्द 'आबाय' होता, त्यातला सुरुवातीचा 'आ' कुठे गेला? तर इंग्रजांनी 'ॲट आबाय' ऐकलं, त्यांना वाटलं 'ॲट अ बाय' आहे, म्हणजे 'अ' हे उपपद आहे, आणि मग तो 'अ' गळूनच गेला. असं इंग्रजीत बऱ्याचदा झालंय. 'एप्रन' हा आधी 'नेप्रन' होता, 'ॲडर' साप आधी 'नॅडर' होता, तिथे उलट शब्दाचा न उपपदाला जाऊन चिकटला. लोक शब्द कानाने शिकतात, आणि कान जिथे तोडेल तिथे शब्द तुटतो.

ताकतुंबा

शिकारीतून आलेले असे आणखी शब्द आहेत का, जे आता शिकारीचे वाटतच नाहीत?

जुनीवही

भरपूर. 'रूझ' म्हणजे युक्ती, तो आधी शिकारीच्या प्राण्याने माग चुकवण्यासाठी मारलेला वळसा होता. 'रिट्रीव्ह' म्हणजे परत मिळवणं, आधी कुत्र्यांनी हरवलेली शिकार पुन्हा शोधणं. शर्यतीतली 'रिले' म्हणजे दमलेल्या कुत्र्यांच्या जागी मध्येच सोडायचे ताजेतवाने कुत्रे. 'क्वारी' म्हणजे भक्ष्य, आधी शिकार झाल्यावर कातड्यावर ठेवून कुत्र्यांना दिलेला वाटा. दगडाच्या खाणीची क्वारी पुन्हा निराळी, तिचा याच्याशी संबंध नाही.

आपण हे शब्द परीक्षेत, खेळात, कॉम्प्युटरवर वापरतो आणि त्यामागे कुठेतरी धापा टाकणारा एक प्राणी आहे हे विसरून गेलेलो असतो.

लांबकान

मला तो प्राणी विसरता येत नाही, खरं सांगायचं तर. आमच्या बीगलवर माझा जीव आहे, पण त्याचा आवाज ज्या कामासाठी घडवला गेला ते काम क्रूर होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या ताफ्याने रानटी प्राण्यांची शिकार करण्यावर २००४ साली कायदा झाला आणि २००५ पासून ती बंद आहे. बरं झालं असंच मला वाटतं. 'बेइंग मॉब' म्हणतात, रक्ताला चटावलेला जमाव, तेव्हा कुत्र्याच्या नावाने माणसाचं वर्णन होतं याचंही मला वाईट वाटतं, कुत्रा बिचारा शिकवलेलं करतो.

उंबरठा

चंद्राकडे बघून ओरडतो तोही बेच ना? 'बे ॲट द मून'?

लांबकान

हो, अर्थ असा की काही उपयोग नसताना ओरडत राहणं. कुत्रा चंद्रामुळे ओरडतो असं नाही खरं तर, रात्री आवाज लांबवर जातो आणि दुसऱ्या कुत्र्याचा आवाज ऐकू आला की हा उत्तर देतो. चांदण्यात तो आपल्याला दिसतो एवढंच.

खोगीर

पानगळ, तुमच्या ओढ्याबद्दल एक. हरीण ओढ्यात उगीच उतरलेलं नाही. पाठलागातलं हरीण पाण्याकडे जातं कारण पाण्यात वास तुटतो, आणि दुसरं म्हणजे उंच पायांचं हरीण पाण्यात पाय रोवून उभं राहू शकतं, कुत्र्यांना मात्र तिथे पोहावं लागतं. पोहणारा कुत्रा झेप घेऊ शकत नाही. म्हणजे लेखकाने ओढा शोभेसाठी घातलेला नाही, तो हरणाचा शेवटचा किल्ला आहे.

पानगळ

खोगीरकाका, आता ते दृश्य मला पहिल्यांदा नीट दिसलं. मी पाण्यामुळेच फसले होते आणि खरं तर सगळा अर्थ पाण्यातच होता.

वाक्य असं केलंय: 'ते ओढ्याच्या मधोमध गेलं, तिथे पाय रोवून वळलं आणि शिंगं रोखून कोंडीत उभं राहिलं. काठावर कुत्र्यांनी सूर धरला.'

शालजोडी

छान झालंय. फक्त 'कोंडीत उभं राहिलं' मला खटकतंय. कोंडीत माणूस सापडतो, उभा राहत नाही. त्यात हरणाचा नुसता पराभव येतो, त्याने त्यांना रोखून धरलंय हे येत नाही.

ताकतुंबा

कोंडी काढूनच टाका ना. 'थोपवून धरणे' घ्या. थोपवणाऱ्याला मागे जायला जागा नसते हे त्या शब्दात आपोआप येतं, मोकळा माणूस कशाला थोपवेल, तो निघून जाईल.

जुनीवही

ताकतुंबा, पूर्ण सहमत. दोन्ही बाजू एका शब्दात आल्या.

पानगळ

'ते ओढ्याच्या मधोमध गेलं, पाय रोवून वळलं आणि खाली केलेल्या शिंगांनी त्याने सगळ्या ताफ्याला काठावरच थोपवून धरलं. पुढे यायची एकाचीही छाती होईना. कुत्र्यांनी सूर धरला आणि तो ओढ्याच्या दोन्ही काठांवरून घुमत राहिला.'

हेच ठेवतेय. 'भुंकत होते' अजून चौदा ठिकाणी आहे, आता एकेक करून बघायला बसते.

लांबकान

चौदाही बदलू नका हं. जिथे कुत्रे अजून तळावर बांधलेले आहेत आणि नोकर चाकर येतायत-जातायत, तिथे ते भुंकतच असणार. माग लागला की मग सूर.